रिकामं जातं

आजी जातं रिकामं ओढू द्यायची नाही. दळण संपत आलं की शेवटची मूठ तोंडात टाकायची आणि ती दगडाखालून पुरती बाहेर पडायच्या आत हात थांबवायची. आम्ही पोरं उगाच खुंटा धरून गरगर फिरवायला लागलो की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा. अशुभ असतं म्हणायची आणि लगेच खरं कारणही सांगायची. मधे दाणे नसले की दगडाला दगड घासतो, टाकी बोथट होते, पुढच्या पिठात कच येते.

हीच गोष्ट मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळाली ती १९७७ साली, मिरजेत, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. दुकान वडिलांच्या मित्राचं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मी अकरा वर्षांचा होतो आणि मे महिन्याची सुट्टी तिथंच काढायचो. खाली पडलेले स्क्रू गोळा करायचे, चहा सांगून यायचा, आणि काका सोल्डर करायला लागले की त्या धुराच्या वासात शेजारी उभं राहायचं. त्या दुपारी टेबलावर व्हॉल्व्हचा एक मोठा रेडिओ पाठ उघडी टाकून चालू ठेवलेला होता. काका भिंतीला टेकून डुलकी घेत होते. त्यांची झोप मोडू नये म्हणून मला आवाज बारीक करायचा होता, पण बटण खरखरत होतं. मी स्पीकरची एक तार ओढून काढली. रेडिओ गप्प झाला.

काका उठले ते थेट स्विचवर. रेडिओ बंद केला आणि मग माझ्याकडं बघितलं.

"तार काढलीस?"

"आवाज नको म्हणून."

"आजी जातं रिकामं वढू देते का?"

"नाही."

"मग ह्याला का वढाय लावलास?"

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मर दाखवला. पत्र्यांच्या चकत्यांचा, मुठीएवढा, मेणकापडात गुंडाळलेला. व्हॉल्व्हचा स्वभाव असा की त्याच्याकडं व्होल्टेज भरपूर, करंट थोडा. स्पीकरला हवा असतो करंट, व्होल्टेज फारसं लागत नाही. दोघांचं एकमेकांशी थेट जमत नाही, म्हणून मधे हा आडत्या. सांगलीच्या हळदीच्या बाजारात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामधे असतो तसा. आता व्यापारीच उठून गेला आणि माल येतच राहिला तर? काकांनी ट्रान्स्फॉर्मरच्या वेटोळ्यांवर बोट ठेवलं. आत साठलेल्या जोराला बाहेर पडायला वाट मिळत नाही. व्होल्टेज एकदम उसळतं. ते तारेवरचं वार्निश फोडतं, नाहीतर व्हॉल्व्हच्या सॉकेटमधे ठिणगी टाकतं. "आवाज येत नाही म्हणजे काम थांबलं असं नसतं," ते म्हणाले. "व्हॉल्व्हला वजन लागतं. वजन काढायचं तर आधी बंद करायचा."

त्या दिवशी रेडिओ वाचला. ते वाक्य मात्र माझ्या हातात उतरलं. आजही चालू यंत्राची कुठलीही तार काढायची झाली की हात आधी स्विचकडं जातो.

गिटार आली ती दहावीनंतर. मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळं ख्रिस्ती वस्ती जुनी, आणि चर्चमधे गाणाऱ्या एका मुलाकडून मी पहिले चार कॉर्ड शिकलो. गाव सतारींचं. दर्ग्याच्या बाजूला सतारमेकरांच्या दुकानांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, तुणीचं लाकूड तासलं जातंय, आणि त्यातून मी गिटार घेऊन चाललोय. कुणी हसलं नाही. उलट एका सतारमेकरांनी माझ्या गिटारीची घोडी फुकट बसवून दिली आणि तारा वाजवून बघितल्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मधे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे हात आठवले.

१९८४ पर्यंत मी ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो होतो. इलेक्ट्रिक गिटार उसनी, आणि अ‍ॅम्प म्हणून एक सेकंडहँड कॉम्बो. कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात. उचलायला सोपं, एकट्या माणसाच्या कामाचं. माझा ट्रान्झिस्टरचा होता, ४० वॉटचा, आत बारा इंची ८ ओहमचा एक स्पीकर. घरात तो छप्पर उडवायचा. मोकळ्या मैदानात, ढोलक आणि काँगोच्या शेजारी, मला स्वतःलाच ऐकू यायचा नाही. त्याच्या पाठीवर दुसरं एक भोक होतं आणि त्याखाली लिहिलेलं: बाहेरचा स्पीकर, एकूण ४ ओहमच्या खाली नको.

काकांनी हिशोब शिकवला तो पेन्सिलनं, दुकानाच्या बिलबुकाच्या पाठीवर. टाकीला एक नळ आहे, त्यातून अमुक पाणी जातं. शेजारी तसाच दुसरा नळ सोडला की दुप्पट पाणी जातं. म्हणजे पाण्याला होणारा अडथळा निम्मा झाला. दोन भोकं आतून शेजारी-शेजारी जोडलेली असतात, म्हणजे समांतर. आठ आणि आठ, समांतर, झाले चार. तिसरा आठ जोडला तर पावणेतीनपेक्षाही कमी. तेच दोन एकापुढं एक जोडले तर बेरीज, सोळा. पण पाठीवरच्या भोकात पिन खुपसली की ते समांतरच जाणार, त्यात आपली इच्छा चालत नाही. "आठाच्या जोडीला आठ," काका म्हणाले, "तुझं यंत्र इथंच थांबतं."

मग आम्ही त्या बाहेरच्या स्पीकरसाठी पेटी केली. १९ मिलिमीटरचा प्लाय, कोपऱ्यांना पत्रे, वरून काळं रेक्झिन, मागची बाजू अर्धी उघडी. काकांच्या ओळखीतल्या सुतारानं ती दोन दिवसांत जोडली. घरी नेताना वाटेत मी ती त्या सतारमेकरांना दाखवली. त्यांनी बोटाच्या पेरानं चारही बाजूंना टकटक केलं, कान लावला, आणि फार वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "ही बहिरी आहे." सतारीची तबली पातळ असते, ती थरथरली पाहिजे, लाकूडच गायला पाहिजे. मी परत जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, बहिरीच हवी. स्पीकरचा पडदा गाणार आहे, पेटीनं त्याला फक्त घट्ट धरून ठेवायचंय. मला दोघांचंही पटलं, आणि अजूनही दोघांचंही पटतं. पुढं मी हलक्या देवदारी लाकडाच्या पेट्या ऐकल्या. त्या थोड्या गातात आणि ते गोड लागतं. पण माझी पेटी बहिरी राहिली. पाठीमागं जॅकच्या पट्टीवर काकांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं एक आकडा काढला: ८. वर गोल करून, शेपूट जरा लांब. त्यांच्या अक्षराचा माझ्याकडं राहिलेला नमुना तेवढाच.

त्या पेटीच्या तारेविषयी सांगायलाच हवं, कारण मी सगळ्यात जास्त माणसं इथं चुकताना पाहिली आहेत. गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत येते ती तार आणि अ‍ॅम्पपासून पेटीपर्यंत जाते ती तार, दोन्हींच्या टोकाला एकच पिन असते. बाजारात तिला पी-३८ म्हणतात. बाहेरून दोन्ही तारा जुळ्या बहिणी. गिटारची तार चाकूनं चिरून बघा: मधे शिवणाच्या दोऱ्याएवढे तांब्याचे केस, भोवती जाळी. गिटारमधून येणारा सिग्नल इतका दुबळा असतो की त्याला त्या जाळीचा आडोसा लागतो, नाहीतर ट्यूबलाइटची गुणगुण त्यात शिरते. पेटीच्या तारेत गोष्ट उलटी. १०० वॉट ४ ओहममधे सोडले तर ५ अँपिअर वाहतात. तेवढ्यात पाणी तापवायची छोटी किटली चालते. त्या केसाएवढ्या तांब्यातून हे ओढायला गेलं की तार कोमट होते, मग मऊ होते, आणि एक दिवस आतल्या आत जाळीला चिकटते. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला असा शॉर्ट मारक. आणि तार चिकटायच्या ऐवजी तुटली तर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं जातं रिकामं.

म्हणून काकांनी मला विजेच्या सामानाच्या दुकानातून दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी तार आणायला लावली. जाळी नाही, दोन्ही पदर सारखे जाड. दोन टोकांना लोखंडी टोपणाच्या पिना, आणि दोन्ही टोपणांवर लाल चिकटपट्टीचे तीन वेढे. लाल म्हणजे पेटीची. अंधारात, घाईत, दुसऱ्या कुणाच्या हातानं जोडायची वेळ आली तरी चूक होऊ नये. चाळीस वर्षांत तार तीनदा बदलली. लाल पट्टी मी दर वेळी आधी गुंडाळतो.

आता त्या रात्रीचं. १९८९, गणेशोत्सव, सांगलीजवळच्या एका गावात चौकातला कार्यक्रम. गर्दी अपेक्षेच्या दुप्पट, मागून ओरड, गिटार ऐकू येत नाही. साऊंडवाल्याच्या मुलानं एक पेटी पुढं सरकवली, ही पण लावा म्हणाला. बारा इंची, पाठीवर आठच लिहिलेलं. माझ्या पेटीला मागं दोन भोकं होती, एकातून आत, दुसऱ्यातून पुढं. मला बिलबुकाच्या पाठीवरचा हिशोब पाठ होता. आठ, आठ आणि आठ. तरी मी पिन लावली. मी तेवीस वर्षांचा होतो, समोर दोन हजार माणसं होती, आणि आणखी एक गोष्ट मी तोवर काकांपासूनही लपवली होती: त्या अ‍ॅम्पचा फ्यूज दोनदा उडाला म्हणून मी त्याजागी जाड तार गुंडाळून ठेवली होती.

दोन गाणी भरदार झाली. खरंच, इतका भरलेला आवाज त्या अ‍ॅम्पनं कधी दिला नव्हता. तिसऱ्यात माझी पेटी माझ्या डाव्या हाताला होती, जाळी काढलेली, आणि मला पडदा दिसत होता. वाजताना पडदा आत-बाहेर इतका झरझर हलतो की नुसता धूसर दिसतो. तो एकदम स्पष्ट दिसायला लागला. बाहेर फुगला आणि तसाच थांबला. आवाज नाही, फक्त जाड घुमघुम. आउटपुटचा ट्रान्झिस्टर आतून जोडला गेला होता आणि सप्लायचा सरळ करंट स्पीकरच्या कॉइलमधे उतरत होता. कॉइल हलत असली की तिच्याभोवतीची हवा तिला गार ठेवते. ती एका जागी धरून ठेवून पेटवली की काही सेकंद पुरतात. मी स्विचपर्यंत पोचेतो कागद आणि वार्निश जळाल्याचा वास आला. तो वास नंतर दोन दिवस पेटीच्या रेक्झिनमधे होता.

काका रागावले नाहीत. अ‍ॅम्प उघडला, गुंडाळलेली तार बघितली, पक्कडीनं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एक शब्द नाही. २एन३०५५ ट्रान्झिस्टरची नवी जोडी घातली, खाली अभ्रकाच्या नव्या चकत्या, पांढरी पेस्ट. मग म्हणाले, "हे जातं वेगळं. हे रिकामं चालतं, त्याला काही होत नाही. ह्याच्या तोंडात दाणे कोंबायचे नाहीत." आणि लिहिण्यासारखं वाक्य ते नंतर बोलले, फ्यूज बसवताना: "बाकी सगळं आपण लावतो आवाजासाठी. हा एकटाच लावतो बाकीच्यांसाठी."

पेटीतला स्पीकर गेला होता. नवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि काकांनी बसवताना मला पेन्सिल सेलची खूण दाखवली. दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, पेटीच्या तारेच्या मोकळ्या पिनेच्या टोकाला प्लस टेकवायचा, बुडाला मायनस, क्षणभरच. टक् असा आवाज होतो आणि पडदा हलतो. बाहेर आला तर बरोबर. आत गेला तर तारा उलट्या लागल्यात. पेटी एकटी वाजवायची तर उलट-सुलट कानाला कळत नाही. पण आतला स्पीकर आणि बाहेरची पेटी बरोबर वाजताना एक पडदा पुढं येतोय आणि दुसरा मागं जातोय असं झालं, तर एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. खालच्या तारा पोकळ लागतात. कितीतरी लोक अशा वेळी बास वाढवत बसतात, आणि दोष असतो दोन तारांच्या अदलाबदलीचा.

त्यानंतर बँकेची नोकरी, बदल्या, लग्न. सोलापूर, नांदेड, नाशिक. कॉम्बो विकला, पेटी विकली नाही. प्रत्येक बदलीत ती टेम्पोत शेवटी चढायची आणि पहिली उतरायची. नांदेडला तिच्यावर पाण्याचा फिल्टर होता. नाशिकला मी तिच्याशेजारी रंगीत टीव्ही ठेवला आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पडला. मेकॅनिकला बोलवायच्या आधी माझ्या लक्षात आलं: स्पीकरचं चुंबक. पेटी हात-दीड हात सरकवली, टीव्ही एकदा बंद करून लावला, डाग गेला. बायकोच्या हातातून सुटलेल्या शिवणकामाच्या सुया पेटीच्या पाठीमागं सापडायच्या. पंधरा वर्षं पेटीत आवाज नव्हता, पण ती गप्प बसलेली होती असंही नाही.

२००६ मधे न्यू जर्सीहून परत आलेल्या एका मित्रानं त्याचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब अ‍ॅम्प माझ्याकडं दिला. जुना साठच्या दशकातला नव्हे, त्याच सर्किटच्या नकाशावर पुन्हा काढलेला. व्हॉल्व्हचा. ६व्ही६ची जोडी, २२ वॉट, बारा इंची ८ ओहमचा एक स्पीकर. तो १२० व्होल्टवर चालणारा, आणि आपल्याकडं २३०. आधी स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर आणला, मगच पिन भिंतीत लावली. आणि जवळजवळ तीस वर्षांनी मी पुन्हा काकांच्या टेबलासमोर उभा होतो. आतमधे ४०० व्होल्टच्या वर, नारिंगी दिवे, तोच आडत्या. आता दाणे कोंबण्यापेक्षा दाणे नसण्याची भीती मोठी.

पाठीवर दोन भोकं, शेजारी-शेजारी. पहिल्यात आतल्या स्पीकरची तार लागलेली, दुसरं बाहेरच्या पेटीसाठी. मला फक्त माझी पेटी ऐकायची होती. म्हणून सगळं बंद ठेवून मी आतल्या स्पीकरची पिन काढली आणि माझी लाल पट्टीची पिन त्या दुसऱ्या भोकात घातली. दिवे तापू दिले, स्टँडबायचा खटका उघडला. काहीच नाही. सुंसुंदेखील नाही. मी क्षणात सगळं बंद केलं. माझ्या हाताला घाम फुटला होता. आपण जातं रिकामं ओढलं असं मला वाटलं.

नकाशा मिळवून बघितला तेव्हा कळलं. पहिल्या भोकात पिन नसली की तिथली एक पट्टी आपोआप मागं टेकते आणि आउटपुट स्वतःशीच जोडून टाकते. पेटी दुसऱ्या भोकात असली तरी सगळा करंट त्या पट्टीतून जातो, पेटीपर्यंत काही पोचत नाही. माणूस विसरला आणि पिन न लावताच अ‍ॅम्प चालू केला, तर ट्रान्स्फॉर्मरपुढं उघडं तोंड राहू नये म्हणून ही सोय. व्हॉल्व्हला काही वेळ शॉर्ट सोसतो; उघडं तोंड सोसत नाही. म्हणजे मला जी शांतता ऐकू आली होती ती कुणीतरी मुद्दाम लावून ठेवलेली होती.

त्या दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा मी तो नकाशा छापून नेला. काकांचं दुकान बंद झालं होतं. ते सत्तरीच्या पुढं, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी कागद खिडकीजवळ नेला आणि बोट ठेवत ठेवत उजवीकडं आले. ट्रान्स्फॉर्मर. भोक पहिलं. तिथं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा माणूस दुरुस्तीच्या दुकानात बसलेला दिसतोय," ते म्हणाले.

मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर वाचलं. ज्याच्या नावाचा तो अ‍ॅम्प, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. १९३८ मधे त्यानं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि पुढचं सगळं त्या टेबलावरून सुरू झालं. मी काकांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आलेली यंत्रं बघितली असणार त्यानं. जळून आलेली." मला त्यांच्या आवाजात जो आनंद ऐकू आला तो मी दुसऱ्या कशाबद्दल ऐकला नव्हता. सातासमुद्रापलीकडं, न पाहिलेला एक माणूस, आणि त्याला त्यांची भीती ठाऊक होती.

तेव्हापासून पेटी त्या अ‍ॅम्पला जोडायची माझी रीत ठरली आहे. एकटी पेटी ऐकायची तर आतला स्पीकर काढून पेटी पहिल्याच भोकात: ट्रान्स्फॉर्मर आठाचा, पेटी आठाची, हिशोब जुळला. दोन्ही एकदम वाजवायचे तर पेटी दुसऱ्या भोकात, आणि मग एकूण चार. ट्रान्स्फॉर्मर आठाचा असताना चार? ह्या घराण्याचे अ‍ॅम्प ते सोसतात, दुसरं भोक त्याचसाठी दिलेलं आहे. पण व्हॉल्व्हवर ताण वाढतो हे खरं, आणि मी तसं तासभराच्या वर वाजवत नाही. सोळाची पेटी मिळाली तर एकूण सव्वापाच ओहमच्या आसपास येतात, ते जास्त मवाळ. दुसऱ्या बनावटींच्या पाठीवर ४, ८, १६ असा फिरता खटका असतो. तिथं एकूण किती होतात ते आधी काढायचं आणि मग खटका. शिवाय पेटीच्या स्पीकरनं अ‍ॅम्पचे वॉट पचवले पाहिजेत. २२ वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण रेटला की २२ वर थांबत नाही, म्हणून मी पेटीत शेवटी ६० वॉटचा स्पीकर बसवला. जुना अजून शाबूत होता, पण माझ्या मनाला ते बरं वाटलं.

मल्टिमीटर लावला तर आठाचा स्पीकर साडेसहाच्या आसपास दाखवतो, आणि नवखा माणूस घाबरतो. मीटर फक्त तारेचा अडथळा मोजतो. वाजताना अडथळा सुरागणिक बदलतो. ७०-८० हर्ट्झच्या आसपास, गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्या शेजारी, तो कितीतरी पट वर जातो आणि परत खाली येतो. आठ हा त्या सगळ्या चढ-उताराला दिलेला एक आकडा आहे. मला हे कळलं तेव्हा काकांचा तो लांब शेपटीचा आठ बघून वेगळंच वाटलं होतं.

काका २०१४ मधे गेले.

माझी भाची गेल्या वर्षी गिटार शिकायला लागली. तिच्याकडं ट्रान्झिस्टरचा छोटा कॉम्बो आहे. "मामा, मी ह्याला तुझी पेटी जोडू?" मी तिला आधी पाठ वाचायला लावली. तिच्या अ‍ॅम्पमधे बाहेरची पिन घातली की आतल्या स्पीकरची जोडणी आपोआप तुटते, म्हणजे एकट्या पेटीचे आठच, आणि खाली लिहिलेलं किमान आठ. जमलं. मग ती माझ्याकडच्या डिलक्सकडं वळली. तिनं लाल पट्टी ओळखली, पिन पहिल्या भोकात घातली, दुसरं टोक पेटीत, दोन्ही टोकं एकदा ओढून बघितली. स्विच लावला. दिवे नारिंगी होईपर्यंत थांबली. मग स्टँडबाय. मी तिला आजीच्या जात्याची गोष्ट सांगितली आणि तिनं विचारलं, "जातं म्हणजे मिक्सरसारखं?"

दिवाळीत मी तिला मिरजेच्या घरी नेलं. जातं मागच्या पडवीत आहे, पोत्याखाली. पोतं काढलं, झाडलं. ती समोर मांडी घालून बसली. खुंटा दोन्ही हातांनी धरला, दगडाचं वजन अंदाजानं अजमावलं, आणि ओढणार तोच थांबली. हात सोडले. इकडं तिकडं बघितलं.

"मामा, दाणे कुठायत?"